तिसरे मत

प्रतिनिधी म्हणजे कोण? आपल्यासारखा दिसणारा, आपली भाषा बोलणारा, आपल्यातला माणूस? की कोणत्याही घरात जन्मलेला, परंतु आपल्याला उत्तर देण्यास बांधलेला माणूस? लोकशाहीतील हा प्रश्न वरवर राजकीय वाटतो. वस्तुतः तो नैतिक आहे, कारण त्याच्या मुळाशी दुसराच एक प्रश्न दडलेला आहे: परक्या माणसावर विश्वास टाकण्याचे कर्तव्य आपल्यावर कितपत आहे, आणि तो विश्वास आपल्याकडे मागण्याचा अधिकार बहुसंख्याकांना कितपत आहे? मोठ्या देशात कोट्यवधी मतांच्या पुरात हा प्रश्न वाहून जातो. लहान समाजात तो स्पष्ट दिसतो. म्हणून प्रस्तुत लेखात एका लहानशा बेटाच्या निवडणुकीचा विचार करावयाचा आहे. ते बेट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. हे मोरस म्हणजेच मॉरिशस.

ती साखर ज्या उसापासून होत असे त्या उसाच्या मळ्यांत मराठी माणसांचाही घाम गळलेला आहे. १८३५ मध्ये त्या बेटावरील गुलामगिरी संपली आणि त्याच सुमारास मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणावयास आरंभ केला. बहुसंख्य मजूर बिहारकडचे होते. मद्रासेकडून तमिळ आणि तेलुगू भाषक गेले. मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी कुटुंबे गेली. आज तेथील मराठी घरांत बहुधा क्रिओल बोलली जाते; परंतु गणेशचतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुटी आहे आणि शाळांत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकण्याची सोय आहे. संख्येने ही मंडळी थोडी. हिंदी-भोजपुरी परंपरेचे हिंदू पुष्कळ, त्याखालोखाल क्रिओल, मग मुसलमान, आणि थोडे चिनी वंशाचे लोक; अशा सुमारे साडेबारा लाखांच्या वस्तीत मराठी माणूस हा लहानातील लहान गटांपैकी एक.

१९६० च्या दशकात स्वातंत्र्य दृष्टिपथात आले तेव्हा या बेटावर आनंदाइतकीच भीतीही होती. इंग्रज गेल्यावर बहुसंख्य हिंदूंचे राज्य येईल आणि आपण कायमचे बाजूला पडू, असे इतरांना वाटत होते. ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक प्रत्यक्षात स्वातंत्र्य हवे की नको याच प्रश्नावर झाली. शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवादी आघाडीला ३९ जागा मिळाल्या, विरोधी पक्षाला २३. परंतु मतांचा हिशेब पाहिला तर दहांपैकी चारांहून अधिक मतदार विरोधात होते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्यापूर्वी दोनच महिने राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगली उसळल्या होत्या आणि त्या शमविण्यासाठी ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले होते.

या भीतीवर उतारा म्हणून तेथील राज्यघटनेत एक विलक्षण तरतूद करण्यात आली. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ आणि प्रत्येकातून तीन सदस्य. दूरच्या रॉड्रिग्ज बेटातून दोन. असे ६२ सदस्य थेट निवडून येतात. त्यानंतर जास्तीत जास्त आठ जागा पराभूत उमेदवारांतून भरल्या जातात. या पद्धतीला तेथे ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. पराभूतांतील सर्वोत्तम, असे आपण म्हणू. घटनेने लोकसंख्येचे चार गट मानले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन, आणि ज्याची जीवनपद्धती या तिन्हींपैकी कोणत्याही गटाची दिसत नाही त्या प्रत्येकाचा चौथा, ‘सर्वसाधारण’ गट. प्रत्येक गटाची लोकसंख्या घ्यावयाची, त्या गटाच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येत एक मिळवून तिने भागावयाचे, आणि ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्या गटातील सर्वाधिक टक्के मते घेऊन हरलेल्या उमेदवाराला सभागृहात बसवावयाचे. पहिल्या चार जागा अशा जातात. उरलेल्या चार देताना पक्षांचे बलाबल बिघडू नये याचीही काळजी घेतली जाते. १९६७ मध्ये आठही जागा भरल्या आणि अंतिम बलाबल ४३ विरुद्ध २७ झाले. विजयाचे अंतर होते तसेच राहिले; हरलेल्यांच्या मनातील धास्ती मात्र काहीशी कमी झाली.

या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे. निवडणुकीत हरलेला माणूस आमदार होतो, हे कोणालाही विनोदी वाटेल. परंतु थट्टा करणारा बहुधा बहुसंख्याकांतील असतो, आणि ज्याला कधी गाळले जाण्याची भीती वाटलेली नाही त्याला हमीची किंमत कळत नाही. १९८२, १९९५ आणि २०२४ या तीन निवडणुकांत मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा एकाच बाजूने जिंकल्या. २०२४ मध्ये पराभूत सत्ताधारी आघाडीला चौथ्या हिश्श्याहून अधिक मते मिळाली होती, तरी त्या बेटावरची एकही जागा तिच्या हाती लागली नाही. अशा वेळी सभागृहात विरोधी आवाज म्हणून जे थोडे लोक बसू शकले ते मुख्यतः याच तरतुदीमुळे. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना दिलेले हे वचन आहे: तुम्ही हरलात तरी तुम्हाला पुसून टाकणार नाही. वचन म्हणून ते उदात्त आहे, आणि ते देणारा समाज नैतिकदृष्ट्या न देणाऱ्या समाजाहून श्रेष्ठ आहे, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

अडचण वचनात नाही, ते वचन पाळण्यासाठी जे करावे लागते त्यात आहे. जागा गटाला द्यावयाची तर प्रत्येक उमेदवाराचा गट कळला पाहिजे. म्हणून उमेदवारी अर्ज भरताना त्याने आपला गट घोषित करावा, अशी अट आली. आई तमिळ आणि वडील क्रिओल असलेल्याने काय लिहावे? धर्म न मानणाऱ्याने काय लिहावे? त्याची ‘जीवनपद्धती’ कोणत्या गटाची हे कोणी ठरवावे? आणि ज्याला मुळातच असे म्हणावयाचे आहे की मी केवळ या देशाचा नागरिक म्हणून उभा आहे, त्याला ते म्हणण्याची सोयच नाही.

गंमत अशी की हाच देश आपल्या सामान्य नागरिकाला हा प्रश्न विचारीनासा झाला आहे. जनगणनेत समाजगटाची नोंद शेवटची झाली ती १९७२ साली. पुढे ती नोंद बंद करण्यात आली आणि पराभूतांच्या जागांचा हिशेब मात्र १९७२ च्याच आकड्यांवर करावा असे ठरले. म्हणजे २०२४ साली ज्यांची बाकी मांडली गेली त्यांत बावन्न वर्षांपूर्वी मोजलेली, आता हयात नसलेली कितीतरी माणसे आहेत, आणि त्यानंतर जन्मलेले कोणीही नाही. हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेले. २०१२ मध्ये समितीने मत दिले की इतक्या जुन्या आकड्यांच्या आधारे उमेदवारावर गट घोषित करण्याची सक्ती करणे हे मनमानीचे आहे आणि निवडणुकीस उभे राहण्याच्या नागरिकाच्या हक्काचा त्यात भंग होतो. २०१४ च्या निवडणुकीपुरता कायदा करून ही सक्ती उठविण्यात आली. पण त्या कायद्याच्या नावातच ‘तात्पुरता’ हा शब्द होता, आणि २०१९ मध्ये जुनी अट पुन्हा लागू झाली.

ज्या हमीने माणसाला भीतीतून सोडवावयाचे, तीच हमी त्याला त्या भीतीच्या चौकटीत कायमचा उभा करते. दुसरे असे की, गटाला जागा मिळत राहावी म्हणून गटाची भीती जिवंत राहणे पुढाऱ्यांच्या सोयीचे ठरते. आजाऱ्यासाठी आणलेली काठी बरे झाल्यावरही हातातून सुटत नाही, आणि पुढे पुढे काठी आहे म्हणूनच आपण लंगडे आहोत असे वाटू लागते.

या सगळ्यात मॉरिशसचा मराठी माणूस कोठे आहे? घटनेच्या चार गटांत मराठी असा गट नाही. तो हिंदू या गटात मोजला जातो. तमिळ आणि तेलुगूही तेथेच. म्हणजे हमीची सारी यंत्रणा उभी आहे ती ज्यांच्यासाठी, त्यांत सर्वांत लहान असलेल्यांचा उल्लेखच नाही. बहुसंख्य हिंदूंचे प्रतिनिधी भरपूर निवडून येतात, म्हणून हिंदू गटाचा भागाकार लहान राहतो, आणि त्या गटातील मराठी उमेदवार हरला तर त्याला मराठी म्हणून या तरतुदीचा काहीही उपयोग नाही. मोजणाऱ्याने ज्या टोपलीत टाकले, त्या टोपलीचे वजन त्याच्या माथी.

तरीही तेथील मराठी समाज पुसला गेला नाही. कशामुळे टिकला? राजकारणाचा वाटा त्यात आहे, हे नाकारता येणार नाही. तीन-तीन जागांच्या लहान मतदारसंघांत थोड्या मतांनाही वजन असते, म्हणून पक्ष तिकिटे वाटताना मराठी, तमिळ, तेलुगू अशा सर्वांचा विचार करतात. परंतु भाषा टिकली ती मंडळांनी चालविलेल्या वर्गांमुळे, शाळेतील तासामुळे, गणपतीच्या आरतीमुळे, नभोवाणीवरील मराठी कार्यक्रमामुळे. आणि जेथे घरातील बोलणे बदलले तेथे ती मागे हटली. ते कोणत्याही आमदाराला थांबविता आले नसते. जागेने माणसाला संरक्षण मिळू शकते, सन्मानही मिळू शकतो. जागेने भाषा मिळत नाही.

ही गोष्ट आपल्या भागातील वाचकांपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. ज्या ऑगस्ट १९६७ मध्ये मॉरिशसचे लोक आपल्या स्वातंत्र्यासाठी मतदान करीत होते, त्याच महिन्यात महाजन आयोगाने महाराष्ट्र आणि तेव्हाचे म्हैसूर राज्य यांच्या सीमेविषयी आपला अहवाल सादर केला. तेथेही प्रश्न मोजण्याचाच होता: कोणत्या गावात कोणती भाषा बोलणारे शेकडा किती. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित होऊन बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावरील मन्नाएखेळ्ळीसारख्या गावी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकमेकींच्या शेजारी नांदतात. आयोगाच्या शेकडेवारीत अशा गावाला एकाच रकान्यात बसावे लागते. गाव स्वतः मात्र कोणत्याही एका रकान्यात कधी राहिलेले नाही.

भारताच्या घटनाकारांनी भाषिक अल्पसंख्याकांना विधिमंडळात जागा दिल्या नाहीत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब हे दोन अनुच्छेद घातले. पहिल्यानुसार अशा मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. दुसऱ्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची चौकशी करणारा विशेष अधिकारी नेमावयाचा आहे. मॉरिशसने गटाला आसन दिले. आपल्या घटनेने भाषेला वर्ग देऊ केला. आपल्यापैकी अनेकांना ही देणगी दुबळी वाटत आली आहे, आणि तिच्या अंमलबजावणीविषयी तक्रार करण्यास जागा पुष्कळ आहे. तरी तिच्यात एक शहाणपण आहे. ती कोणालाही ‘तू कोण आहेस’ हे शपथेवर सांगावयास लावीत नाही. कन्नड घरातील मूल मराठी वर्गात बसले तरी त्याला कोणी उठविणार नाही.

याउलट, गटाला मोजून द्यावयाची देणगी कशी घसरते हे आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक पुढे असताना कर्नाटक शासनाने मराठा समाजासाठी विकास मंडळ आणि त्याकरिता ५० कोटी रुपये घोषित केले. कन्नड संघटनांनी त्याविरुद्ध ५ डिसेंबर रोजी राज्यव्यापी बंद पुकारला. मग हे मंडळ मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नाही, असा खुलासा सत्ताधाऱ्यांना करावा लागला. एका अक्षराचा फरक. पण त्या फरकात मराठी बोलणारे लिंगायत, ब्राह्मण, दलित, मुसलमान बाहेर राहिले, आणि कन्नड बोलणारे मराठे आत आले. समाजाचे मागासलेपण दूर करण्यासाठी मंडळ नको, असे मला म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे ते एवढेच की मोजणारा हात ज्या टोपलीत आपल्याला टाकतो तिचे नाव आपण ठरवीत नाही. मॉरिशसमध्ये ‘हिंदू’ या शब्दाने मराठी झाकली गेली. येथे ‘मराठा’ या शब्दाने.

मग लहानांना हमी द्यावयाची ती कशी? पॅसिफिक महासागरातील मायक्रोनेशिया या बेटांच्या देशाने वेगळे उत्तर शोधले आहे. तेथील काँग्रेसमध्ये अवघे १४ सदस्य आहेत. दहा लोकसंख्येच्या प्रमाणात, दोन वर्षांसाठी. आणि याप, चूक, पोनपे, कोस्राय या चार घटकराज्यांचा प्रत्येकी एक, चार वर्षांसाठी. चूकला दहांपैकी पाच जागा आहेत, इवल्याशा कोस्रायला एक. पण चार वर्षांच्या जागेत दोघे सारखे. राष्ट्राध्यक्ष निवडला जातो तो त्या चौघांतूनच. ही हमी जन्माला नाही, जागेला आहे. कोस्रायमध्ये राहणाऱ्याला कोणी वंश विचारीत नाही. परंतु हे तेथेच जमते जेथे समुद्रानेच गटांना वेगळे ठेवले आहे. मॉरिशसमध्ये आणि बीदरमध्ये माणसे एकाच गल्लीत मिसळलेली आहेत. तेथे अल्बी सॅक्स आयोगाने २००२ साली सुचविलेला मार्ग अधिक योग्य वाटतो: मतांच्या प्रमाणात वाटावयाच्या ३० जागा वाढवाव्यात. ज्याला चौथा हिस्सा मते मिळतात त्याला सभागृहात काही स्थान मिळावे. त्याने आपण कोण हे सांगण्याची गरज नाही, त्याला किती जणांनी मत दिले एवढे पुरे. ती शिफारस आजवर अमलात आलेली नाही.

या विवेचनातून दोन हक्क वेगळे करता येतात. एक, पुसले न जाण्याचा हक्क. दुसरा, सभागृहात आपले प्रतिबिंब पाहण्याचा हक्क. पहिला हा बहुसंख्याकांवरील खरा नैतिक ऋणभार आहे. तो फेडल्यावाचून त्यांनी एकात्मतेच्या गोष्टी सांगू नयेत. दुसरा हक्क म्हणून मागण्याजोगा नाही असे मला वाटते, कारण तो द्यावयाचा तर प्रत्येक माणसाला एकच काहीतरी व्हावे लागते, आणि माणूस एकच काहीतरी कधी नसतो. आपल्यातला माणूस निवडून आला की आपल्याला आनंद होतो. तो आनंद निर्दोष आहे. पण त्या आनंदालाच प्रतिनिधित्व समजणे धोक्याचे, कारण मग आपण त्याला जाब विचारण्याचे विसरतो.

मॉरिशसच्या निवडणुकीत आणखी एक नियम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. मतदाराला तीन मते असतात आणि तिन्ही द्यावीच लागतात. एकाच उमेदवारापुढे खूण करून मतपत्रिका टाकली तर ती बाद होते. बहुतेक मतदार तिन्ही मते एकाच आघाडीला देतात हे खरे. परंतु आघाडी स्वतःच मिश्र असते, त्यामुळे ज्याने पहिली खूण आपल्या माणसापुढे केली त्याला बहुधा दुसरी वा तिसरी खूण दुसऱ्या कोणापुढे करावी लागते. पराभूतांना आसन देणाऱ्या त्या प्रसिद्ध तरतुदीपेक्षा हा साधा नियम मला नैतिकदृष्ट्या अधिक खोल वाटतो. पहिली तरतूद विचारते, तू कोणाचा? हा नियम विचारतो, तुझ्या माणसांचे मत देऊन झाल्यावर, आता तू कोणावर विश्वास ठेवशील?

आपल्याकडे मत एकच आहे. म्हणून हा प्रश्न आपल्याला मतपत्रिकेवर कोणी विचारीत नाही. तो ज्याचा त्याने स्वतःला विचारावयाचा आहे. शाळेच्या वर्गासाठी, रस्त्यासाठी, पाण्यासाठी जो कन्नड वा उर्दू बोलणारा शेजारी आपल्या बरोबरीने उभा राहिला तो आपला प्रतिनिधी होऊ शकतो का? आणि त्याने आपल्या मुलांसाठी मराठी वर्ग मागावा अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या मुलांसाठी आपण काय मागितले? जुनी मराठी घराणी या भूमीत पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत ती मोजणी करणाऱ्यांच्या कृपेवर नव्हे, शेजाऱ्यांच्या विश्वासावर. भाषा घरात राखावी, वर्ग हक्काने मागावा, आणि मत देताना त्या तिसऱ्या मताची आठवण ठेवावी.